गंजक्या पाठीचा भुंगा

व्हर्लिन साथरचे हात थरथरायला लागले ते वर्ष मला नीट आठवतं, कारण त्या वर्षी एप्रिल संपत आला तरी अंगणातला बर्फ हटला नव्हता. आधी हातातला चमचा हलायला लागला. मग शर्टाची बटणं लागेनाशी झाली. आणि मे महिन्यात एका सकाळी ओढ्याच्या काठी दगडावर बसलेल्या चतुराचा फोटो काढता काढता त्याच्या हातून लेन्स निसटली आणि सरळ पाण्यात गेली. त्यानं ती बाहेर काढली, खिशातल्या रुमालानं पुसली, घरी आला आणि दोन दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही.

व्हर्लिन माझा शेजारी. आमच्या घरांमध्ये मक्याचं एक शेत आणि तो ओढा, एवढंच अंतर. अडतीस वर्षं त्यानं गावच्या चीज फॅक्टरीत काढली. पाळी सुटली की उरलेला सगळा वेळ तो गवतात गुडघ्यांवर असायचा. हातात कॅमेरा, आणि कॅमेऱ्यापुढे नखाएवढा एखादा जीव. मी गावच्या वाचनालयात नोकरीला होते, तेव्हा दर उन्हाळ्यात त्याचे फोटो तिथं लावायचे. माशीचा डोळा ताटाएवढा मोठा. फुलपाखराच्या पंखावरचे खवले कौलारू छपरासारखे एकावर एक. लोक मुलांना घेऊन बघायला यायचे.

त्याची बायको आर्लिस कधीच आली नाही. ती शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं होती, तीनशे पोरांचं जेवण रोज. शुक्रवारी मासे खायला आम्ही सगळे जमायचो तेव्हा ती टेबलावर सगळ्यांसमोर म्हणायची, "बाकीच्या बायकांना नवऱ्याच्या मैत्रिणींची धास्ती. माझ्या सवतींना सहा-सहा पाय आहेत." व्हर्लिन मान खाली घालून हसायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. भांडणंही फारशी नव्हती. ती तिच्या स्वयंपाकात, तो त्याच्या गवतात.

लेन्स पाण्यात गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात आला आणि कॅमेरा तिच्यापुढे, ओट्यावर ठेवला. कपाटातली जुनी मॅक्रो लेन्स, बारीक जीव मोठे दाखवणारी, त्याला लावलेली होती.

"तू धर," तो म्हणाला.

"काय?"

"तू धर. मी सांगतो. माझे डोळे शाबूत आहेत. फक्त हात नाहीत."

आर्लिस मला नंतर म्हणाली, "नोरीन, मी नाहीच म्हणणार होते. पण त्यानं कॅमेरा ठेवला ना, तेव्हा तो दोन्ही हातांनी ठेवला. भरलेलं दुधाचं भांडं ठेवावं तसा."

पहिला धडा अंगणातच झाला. व्हर्लिन घडीच्या खुर्चीत बसला, आणि आर्लिस पासष्टाव्या वर्षी गवतात पालथी पडली.

"आधी फूल," तो म्हणाला. "फूल पळत नाही."

डँडेलायनचं साधं पिवळं फूल होतं. तिनं त्या लेन्समधून पाहिलं आणि तिला काहीच दिसेना. नुसता पिवळा धूर. ती पुढे सरकली तेव्हा एक तंतू एकदम लख्ख झाला, आणि श्वास घेतला तसा परत धुरात गेला.

"काहीतरी बिघडलंय याच्यात."

"काही बिघडलं नाही. एवढ्या जवळून बघितलं की जगाचा एकच पापुद्रा स्पष्ट दिसतो. कागदाएवढा. त्या कागदावर तुला जे हवं ते आण."

"मग लेन्सवरची ही कडी फिरवू का?"

"हात लावू नकोस कडीला! ती लावून ठेवलीय. तू हो पुढे-मागे. कंबरेतून. कोपरं जमिनीला टेक. श्वास सोड, सगळा सोड, आणि रिकामी झालीस की बटण दाब."

"रिकामी झाल्यावर मी मरेन."

"आधी फोटो काढ. मग मर."

त्या आठवड्यात तिनं दोनशेवर फोटो काढले. संध्याकाळी दोघं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायची आणि तो एकेक पुसायला सांगायचा. "हा गेला. हा गेला. हा धूर. हा पण धूर. आणि हे काय आहे?"

"मुंगी. पिओनीच्या कळीवरची."

"मुंगीचं ढुंगण आहे हे. मला डोळा पाहिजे. डोळा स्पष्ट नसेल तर बाकी सगळं फुकट."

"मुंगीला सांग ना मग, वळ म्हणावं."

"तू वळ. तिच्या उंचीवर जा आणि वाट बघ. तू शाळेत पोरांना वरून वाढायचीस, तशी वरून बघू नकोस."

मी संध्याकाळी कधी डोकावले की हे असलं ऐकू यायचं. त्या घरात इतकं बोलणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

हळूहळू तिला जमायला लागलं. ती पहाटे उठायची, कारण गारठ्यात किडे पंख हलवत नाहीत, दव अंगावर घेऊन नुसते बसून असतात. वाऱ्यानं देठ हलू नये म्हणून व्हर्लिननं काठीला कपड्यांचा चिमटा बांधून दिला. त्यानं देठ अलगद धरायचा. फ्लॅशचा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून कॉटेज चीजच्या डब्याचं पांढरं झाकण कापून पुढे लावलं. त्याचे हात कापायचे, म्हणून कात्री तिच्या हातात आणि शिव्या त्याच्या तोंडात.

जूनच्या शेवटी तिनं पांढऱ्या डेझीवर बसलेल्या पांढऱ्या कोळ्याचा फोटो काढला. कोळ्याच्या तोंडात एक मधमाशी होती, मेलेली. कोळ्याचे आठही डोळे स्पष्ट होते, आणि मधमाशीच्या पायावरचे पराग मोजून घ्यावेत इतके. व्हर्लिन त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिला.

"डावीकडचा तो देठ मी घेतला नसता," शेवटी तो म्हणाला.

आर्लिस दुसऱ्या दिवशी मला बेकरीत भेटली. "देठ घेतला नसता म्हणाला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मला आधी वाटलं तो टाकून बोलला. मग लक्षात आलं, तसं नव्हतं. चूक काढायला त्याला तेवढा एक देठच सापडला होता.

व्हर्लिन नुसते फोटो काढत नसे, नोंदीही करायचा. एकतीस वर्षांच्या वह्या होत्या, हिरव्या पुठ्ठ्याच्या. तारीख, जागा, कोणत्या फुलावर, किती. मॅडिसनला विद्यापीठात भुंग्यांची गणना चालते, तिथल्या डॉक्टर पॅगेलबाई दर हिवाळ्यात त्याच्या नोंदी मागवून घ्यायच्या. त्या म्हणायच्या की अख्ख्या राज्यात डोळे मिटून विश्वास ठेवावा असा एकच माणूस आहे आणि तो चीज बनवतो. एक गोष्ट मात्र त्याच्या वह्यांत कित्येक वर्षांत नव्हती. गंजक्या पाठीचा भुंगा. केसाळ, पिवळा, आणि पाठीवर मधोमध गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचा ठिपका. व्हर्लिनच्या बापाच्या कुरणात तो पूर्वी ढिगानं होता. मग कमी कमी होत गेला, आणि आमच्या भागातून दिसेनासाच झाला. व्हर्लिन दर जुलैत वरच्या टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत त्याला शोधायला जायचा. तिथल्या मागच्या कोपऱ्यात नांगर कधी फिरलेला नाही. त्याचे आईबाप आहेत तिथं, आणि कबरींच्या मागे कमरेएवढं रानगवत, रानफुलं.

ऑगस्टच्या तीन तारखेला दोघं तिथं होती. व्हर्लिन खुर्चीत, आर्लिस जांभळ्या रानतुळशीपुढे गुडघ्यांवर.

"आर्लिस," तो एकदम हळू आवाजात म्हणाला. "हलू नकोस. उजवीकडे. तिसरं फूल. पाठ बघ त्याची. गंज आहे."

तिनं पाहिलं. तिसरं फूल होतं. फुलावर काही नव्हतं.

"उडाला का?"

"तुझ्या नाकापुढे आहे! काढ! अगं काढ ना!"

ती घाबरली. तिनं त्या फुलाचे पंधरा फोटो घेतले. घरी येऊन लॅपटॉपवर पाहिले. पंधराही फोटोंत फूल सुरेख स्पष्ट आलं होतं, आणि ते पंधराही वेळा मोकळं होतं.

"तुला बघताच येत नाही," व्हर्लिन म्हणाला. "वीस वर्षं मी ज्याची वाट बघतोय तो तुझ्यासमोर येऊन बसला, आणि तुला दिसला नाही."

 त्याच संध्याकाळी त्यानं पॅगेलबाईंना फोन केला. त्या लगोलग दोन माणसं घेऊन आल्या, तीन दिवस टेकडीवर फिरल्या. काही सापडलं नाही. तरी जाताना म्हणाल्या, "व्हर्लिन, तुम्ही बघितला म्हणता ना, मग मी नोंद ठेवते."

आर्लिसनं डोळे तपासून घेतले. नवा चष्मा केला. तो घालून ती मला म्हणाली, "आता मला रस्त्यापलीकडच्या गाईच्या कानातला बिल्ला वाचता येतो. पण तो सांगतो ते तरीही मला दिसत नाही गं. कालच म्हणाला, गोल्डनरॉडच्या फुलावर हिरवी माशी आहे. नव्हती. मला काहीतरी होतंय, नोरीन."

मीही म्हटलं, होत असेल. वय झालं. कॅमेरा त्याचा, डोळे त्याचे, एकतीस वर्षांचा अभ्यास त्याचा. चूक तिचीच असणार, असं आम्हा दोघींनाही वाटलं. आज त्याची लाज वाटते.

सप्टेंबरात एका दुपारी तिचा मला फोन आला. आवाज अगदी साधा होता. "ये जरा."

मी गेले. व्हर्लिन जेवायला बसला होता. बटाटे घालून भाजलेला गरम हॉटडिश ताटात तसाच होता. तो चमच्याच्या टोकानं ताटाच्या कडेवरून काहीतरी हळूच बाजूला सारत होता. मग त्यानं कागदी रुमाल घेतला, टेबलावरून काहीतरी अलगद त्यावर चढवलं, रुमालाचे चारी कोपरे सांभाळून धरले, थरथरत उठला, खिडकीपाशी गेला आणि रुमाल बाहेर झटकला.

"भुंगेरे," तो मला म्हणाला. "लाल. मारायचे कशाला? जाऊ देत."

रुमाल रिकामा होता. टेबल रिकामं होतं. आर्लिस ओट्याला टेकून उभी होती आणि नवा चष्मा तिच्या हातात होता.

मीच त्यांना ला क्रॉसला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्यानं व्हर्लिनला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, हात ताणून बघितले, चालवून बघितलं. झोपेत हातपाय झाडतो का ते आर्लिसला विचारलं. मग व्हर्लिनकडे वळून म्हणाला, "साथर, तुम्हाला कधी खरी नसलेली माणसं, जनावरं, किडे वगैरे दिसतात का?"

"दिसतात ते खरे नाहीत हे मला कसं कळणार, डॉक्टर?" व्हर्लिन म्हणाला.

डॉक्टरनं ते लिहून घेतलं. मग त्यानं आजाराचं नाव सांगितलं, लेवी बॉडी, मेंदूचा आजार. हातांची थरथर आणि हे दिसणं एकाच आजाराचं आहे म्हणाला. काही दिवस अगदी स्वच्छ जातील, काही नाही. बरं होण्यासारखं ते नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होते, आर्लिस माझ्या शेजारी होती. दोन्ही बाजूंना मका वाळून उभा होता. गाव जवळ आलं तेव्हा मागच्या सीटवरून व्हर्लिनचा आवाज आला.

"किती?"

"काय किती?" आर्लिसनं विचारलं.

"या उन्हाळ्यातल्या नोंदी. त्यातल्या किती?"

घरी गेल्यावर त्यानं कोटही काढला नाही. हिरवी वही टेबलावर ठेवली, पेन्सिल ठेवली, पट्टी ठेवली. आर्लिसला लॅपटॉप उघडायला लावला. मी चहा केला आणि थांबले, कारण जा असं कुणी म्हणालं नाही.

तो नोंद वाचायचा, ती फोटो शोधायची.

"बारा जून. पिओनीवर काळ्या मुंग्या."

"आहे फोटो."

"राहू दे. चौदा जून. नाकतोड्याचं पिल्लू, फाटकाजवळ."

"फोटो नाही. पण व्हर्लिन, प्रत्येकाचा फोटो मी कुठं काढला?"

"फोटो नाही. खोडायची."

ज्याचा फोटो होता ते राहिलं. ज्याचा नव्हता ते गेलं. त्यातले कितीतरी किडे खरेच असणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पण कोणते, ते त्याला सांगता येत नव्हतं, आणि वहीत खोटं राहिलेलं त्याला चालणार नव्हतं. तो स्वतः पट्टी धरून रेघ मारायचा प्रयत्न करत होता आणि रेघ वेडीवाकडी होत होती. शेवटी त्यानं पेन्सिल आर्लिसच्या हातात दिली.

मग तीन ऑगस्ट आला.

"फोटो?" त्यानं विचारलं. त्याला माहीत होतं.

"फुलाचे आहेत. पंधरा."

"फुलावर?"

आर्लिसनं पुढचा फोटो उघडला.

"फुलावर काय आहे, आर्लिस?"

"काही नाही. पण मी सावकाश आहे. तूच म्हणालास, मला बघता येत नाही. तो असेल, व्हर्लिन. मी बघेपर्यंत गेला असेल."

"ते मी म्हणालो तेव्हा माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास होता. ओढ रेघ."

"मी नाही ओढणार."

"ओढ गं," तो म्हणाला. इतक्या मऊ आवाजात तो तिच्याशी बोललेला मी कधी ऐकला नव्हता. तिनं पट्टी ठेवली आणि रेघ ओढली. मग त्यानं पॅगेलबाईंसाठी चार ओळींचं पत्र सांगितलं आणि तिनं लिहिलं. तीन ऑगस्टची नोंद मागे घेत आहे. निरीक्षक आजारी आहे. झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. खाली सही त्यानंच केली. त्या सहीला खूप वेळ लागला.

त्याच दिवशी त्यानं तिच्याकडून शब्द घेतला. "माझ्याशी खोटं बोलायचं नाही. मला बरं वाटावं म्हणूनसुद्धा नाही. मी विचारेन, आहे का? तू लेन्समधून बघायचं आणि सांगायचं. आहे, नाही. बस."

तिनं शब्द दिला. आणि पाळला.

तो हिवाळ्याआधीचा महिना, खरं सांगायचं तर, त्यांचा बरा गेला. तो सोफ्याच्या हातावर बोट ठेवून विचारायचा, "आहे?" ती हातातलं काम टाकून कॅमेरा घ्यायची, झाकण काढायची, गुडघ्यांवर बसून लेन्समधून सोफ्याचा हात बघायची. "नाही." तो म्हणायचा, "ठीक आहे," आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा. नुसत्या डोळ्यांनी बघून ती 'नाही' म्हणाली तर त्याला पटत नसे. आणि बाहेर, ऑक्टोबरातल्या शेवटच्या ॲस्टरच्या फुलांपाशी तो विचारायचा, "आहे?" आणि ती ओरडायची, "आहे! दोन आहेत!" तेव्हा तो असा हसायचा, जणू कुणी त्याला घराची किल्ली परत दिली. तोपर्यंत ती फार सुंदर फोटो काढायला लागली होती. त्यातला निम्मा आनंद त्याचा होता हे तिला माहीत होतं.

डिसेंबरात त्याचं चालणं थांबलं. जानेवारीत घास गिळणं अवघड झालं. पलंग बैठकीच्या खोलीत, खिडकीशी आणला. नर्स आठवड्यातून तीनदा यायची. तो आता कधी आर्लिसला ओळखायचा, कधी तिला आपली बहीण समजायचा. पण विचारायचा मात्र. "आहे?" आणि ती कॅमेरा घेऊन पलंगाशी गुडघे टेकायची. "नाही." कधी दिवसातून वीस वेळा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी सूप घेऊन गेले होते. बाहेर बर्फावर ऊन पडलं होतं आणि खोलीभर पांढरा उजेड होता. व्हर्लिन दोन दिवस बोलला नव्हता. मी भांडं ठेवत होते तेवढ्यात त्यानं पांघरुणावरचा हात उचलला. बोट एका जागी धरायचा त्याचा प्रयत्न चालला होता.

"आर्लिस. गंज."

ती जवळ आली.

"पाठ बघ. गंज आहे. आहे का?"

तिनं कॅमेरा घेतला. झाकण काढलं. गुडघ्यांवर बसली, कोपरं गादीला टेकली, कंबरेतून हळूहळू पुढे झाली, सगळा श्वास सोडला. ती लेन्समधून त्या पांघरुणाकडे फार वेळ बघत राहिली. मी भांडं हातात धरून उभी होते.

"आहे," ती म्हणाली.

"नक्की?"

"पाठ अगदी स्पष्ट दिसतेय."

"काढ."

तिनं बटण दाबलं. फ्लॅश लकाकला.

"लिही," तो म्हणाला. तिनं वही आणली आणि त्याच्या समोर बसून लिहिलं. तारीख. बैठकीची खोली, पांघरूण. संख्या, एक. त्यानं डोळे मिटले. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसला.

मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले. तिनं नळ सोडला होता आणि पाण्याखाली नुसते हात धरले होते.

"बरं केलंस," मी म्हटलं.

"पाच महिने मी त्याच्याशी खोटं बोलले नव्हते."

"अगं, त्याला किती बरं वाटलं बघितलंस ना?"

"तू गप्प बस, नोरीन."

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, तिनं मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्लिन जागा झाला तो अगदी स्वच्छ. असे दिवस येतात म्हणून डॉक्टरनं सांगितलंच होतं. त्यानं तिला नावानं हाक मारली. थोडी कॉफी मागितली, गिळता यावी म्हणून घट्ट केलेली, चमच्यानं. मग खिडकीबाहेर बघत राहिला.

"बाहेर बर्फ आहे," तो म्हणाला.

"हो. रात्री अजून पडला."

"कोणता महिना?"

"फेब्रुवारी."

त्यानं खिडकीकडून तोंड वळवून तिच्याकडे पाहिलं. "फेब्रुवारीत भुंगे नसतात, आर्लिस."

 कॉफीचा चमचा तिच्या हातातच राहिला.

तो रागावला नाही. तसा रागावला असता तर बरं झालं असतं, ती म्हणाली. त्यानं फक्त तिच्या मनगटावर हात ठेवला, तो थरथरणारा हात, आणि एकदा थोपटलं. जसं काही तिचंच सांत्वन करायचं होतं. मग तोंड खिडकीकडे वळवलं.

त्यानंतर तो एकोणीस दिवस जगला. पांघरुणावर, भिंतीवर, स्वतःच्या हातावर तो काहीतरी बघत असायचा, डोळ्यांनी त्याच्या मागे जायचा. कधी दचकायचा. आर्लिस कॅमेरा घेऊन शेजारी बसून असायची. त्यानं तिला पुन्हा एकदाही विचारलं नाही.

मार्चमध्ये आम्ही त्याला टेकडीवर, आईबापांशेजारी ठेवलं. जमीन गोठलेली होती, खणायला यंत्र आणावं लागलं. नंतर चर्चच्या तळघरात हॅम सँडविच आणि कॉफी होती. लोक आर्लिसला सांगत होते, किती सेवा केलीस, किती धीरानं केलीस. ती मान हलवत होती. गाडीत बसल्यावर मला म्हणाली, "त्याच्यापाशी एक खरी गोष्ट उरली होती. ती मी मोडली."

मी तिला समजावायचा खूप प्रयत्न केला. पुढचे कित्येक आठवडे केला. तो दुखावला नव्हता, त्यानं तुला थोपटलं, तूच सांगितलंस. ती ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "थोपटलं म्हणूनच तर."

मे महिन्यात पॅगेलबाईंचं पत्र आलं. व्हर्लिनच्या वह्या विद्यापीठाला मिळाव्यात, तिथं त्या जपून ठेवल्या जातील, अभ्यासकांना उपयोगी पडतील. आर्लिसनं मला बोलावलं. वह्या खोक्यात भरून झाल्या होत्या. शेवटची बाहेर होती, फेब्रुवारीतल्या त्या पानावर उघडलेली.

"राहू दे," मी म्हटलं. "त्याची शेवटची नोंद आहे. कुणाचं काय बिघडणार आहे?"

"तुला तो कळलाच नाही," ती म्हणाली. तिनं पट्टी आणली. रेघ अशी ओढली की खालची अक्षरं वाचता यावीत, त्याची तशीच पद्धत होती. समासात स्वतःच्या आद्याक्षरांसह लिहिलं, 'नव्हता. आ. सा.' आणि वही खोक्यात ठेवली.

मला वाटलं आता ती कॅमेरा कपाटात टाकेल. जूनभर तो कपाटातच होता. मग जुलैत एक दिवस सकाळी सहाला मी त्या रस्त्यानं चालले होते, आणि दफनभूमीच्या फाटकाशी तिची गाडी दिसली. मागच्या कोपऱ्यात रानगवतात ती खाली पडल्यासारखी दिसत होती. मी धावतच गेले.

"थांब तिथंच," ती वर न बघता म्हणाली. "सावली पडतेय तुझी."

मी थांबले. ती जांभळ्या रानतुळशीपुढे कोपरांवर होती. सलग सातवी सकाळ होती तिची, हे तिनंच मग सांगितलं. त्यानंतर आणखी चार सकाळी ती गेली. गंजक्या पाठीचा भुंगा तिला दिसला नाही. पण त्यावरून मागच्या वर्षीही तो नव्हताच असं ठरत नाही, आणि होता असंही ठरत नाही. ते आता कुणालाच कळणार नाही.

"काय आहे?" मी लांबूनच विचारलं.

"हिरवं काहीतरी. बारीक. अजून गारठलंय, मिशा पुसतंय." बटणाचा आवाज झाला, मग पुन्हा. "ये आता. हळू."

तिनं मला कॅमेऱ्याचा मागचा पडदा दाखवला. तांदळाएवढी हिरवी माशी, अंगावर दवाचे थेंब, डोळा लख्ख.

"नाव काय हिचं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी कधी विचारलं नाही. तो होता ना सांगायला." आणि तिनं पुन्हा लेन्सला डोळा लावला. ऊन वर आलं, माशी पंख हलवायला लागली आणि गेली.

आर्लिसचे गुडघे आखडले होते. मी हात दिला तशी ती उठली. त्या सकाळी तिनं तीस फोटो काढले होते. घरी जाऊन सत्तावीस पुसले, असं दुपारी फोनवर म्हणाली.